किलोच्या भावाने

साडेअकराला शटर वर जातं.
माझी जागा काउंटरच्या टोकाला, काट्यामागे.
उबेर्लांदियात दुपारचं जेवण किलोवर मिळतं:
ताट भरा, माझ्यापुढे ठेवा,
मी आकडा वाचते, चिठ्ठी देते, पुढचा.
चारशे ऐंशी ग्रॅम. सहाशे वीस.
बांधकामावरचा जेरेमियास, नऊशेच्या खाली कधीच नाही,
वर हसतो, ताटच जड आहे, लिंदाउरा.
ताटाचं वजन काटा आधीच वजा करतो.
माणसाचं तसं करता येत नाही.

अकरा वर्षं झाली.
वीतभर पोटासाठी म्हणे माणूस काय काय करतो.
माझं वीतभरही ठेवलं नाही;
डॉक्टरांनी अंगठा दाखवून सांगितलं, एवढं.
पहिली दीड वर्षं भूक गावाला गेली होती.
जेवायचं मी विसरायचे,
आई मोबाइलवर गजर लावून द्यायची.
कपडे अंगावरून ओघळायचे,
गल्लीतल्या बायका थांबवून विचारायच्या, कसं केलंस?
जणू मी केलं होतं.

मग एका मंगळवारी ती परतली.
दार वाजवलं नाही, हाक नाही.
मी फरशी पुसत होते,
कढईत डुकराची चरबी तडतडली
आणि कळलं,
हिने घराची किल्ली कधी परतच दिली नव्हती.

चौथ्या वर्षी सहा किलो. सहाव्या वर्षी आणखी पाच.
तेव्हा कुणी विचारलं नाही, कसं केलंस.

आता आम्ही एका घरात राहतो, ती आणि मी.
सकाळी आधी अंडी, मग बाकी जग.
जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही,
घसा कोरडा, घड्याळाकडे पाठ.
एक घास पंचवीस वेळा;
समोरच्याची गोष्ट संपते, मी अजून पहिल्या तुकड्यावर.
दर महिन्याला दंडात सुई.
पोटावरची सैल कातडी दुमडून पँटच्या आत,
जुन्या पाहुण्याची गादी ठेवावी तशी.
आणि आहारतज्ज्ञ फ्लाव्हियाने शिकवलेला प्रश्न:
कुठे लागलीय? बोट ठेवून दाखव.
कधी बोट पोटावर जातं.
बहुतेकदा गळ्याशी जातं,
रविवारी संध्याकाळी,
वाल्देसिर गेला त्या खुर्चीकडे बघताना.

मोडत नाही असं नाही.
भाच्याच्या वाढदिवसाला पुडिंगचे चार चमचे,
आणि मग बाथरूमच्या गार फरशीवर आडवी,
छाती धडधडतेय, कपाळावर घाम,
बाहेर सगळे टाळ्या वाजवून गातायत.
मीही गायले, दाराआडून,
नाहीतर कुणीतरी बघायला आलं असतं.

काल एक मुलगी आली, पंचविशीची,
अर्ध्या दराचं कार्ड माझ्याकडे न बघता सरकवलं.
ते कार्ड मी लांबून ओळखते.
तिच्या ताटात एकशे दहा ग्रॅम:
कोंबडीचा तुकडा, भोपळा, लाज.
चिठ्ठी घेतली तरी हलेना.
मागे आठ माणसं, जेरेमियासचं ताट वाफाळतंय.
परत येते का? तिने विचारलं. भूक?
कुणाकुणाकडून काय ऐकून आली होती कोण जाणे.
मला सांगायचं होतं, येते,
पण तोवर तू घर लावून ठेव,
भांडी कुठली, वेळा कुठल्या, कुठल्या खोलीत तिला झोपवायचं.
सांगायचं होतं, ती शत्रू नाही,
नुसती लहानपणापासूनची आहे.
तोंडून निघालं, हो.
आणि मग, पाणी अर्ध्या तासाने पी.
पुढचा.

तीनला शटर अर्धं खाली येतं.
मी माझं ताट काट्यावर ठेवते, दोनशे पाच.
एक चमचा काळा घेवडा परत टाकते.
उभी राहते.
तोच चमचा पुन्हा घेते.
कोपऱ्यातल्या टेबलाशी ती मुलगी अजून बसलीय,
भोपळा संपलाय, तुकडा अर्धा.
मी समोर जाऊन बसते.
दोघी चावत राहतो, बराच वेळ, काही न बोलता.