माइक स्वस्तातला आहे

आर्लिंदूला दोन माइक हवे होते.
एक बाराव्या फ्रेटसमोर, एक गिटारच्या पोटाशी,
म्हणजे म्हणे आवाजाला रुंदी येते.
रुंदी.
मी घरातल्या खोल्या मोजल्या. दीड.

वहीत त्याने आकडे मांडले,
बंदरावर जहाजांचे रेडिओ दुरुस्त करायचा तेव्हाची सवय,
प्रत्येक बेरजेखाली दोन रेघा.
दोन साधे की एक चांगला?
हा प्रश्न तीन आठवडे आमच्यासोबत जेवायला बसत होता.
शेवटी मीच म्हणाले, मासळी विकते मी,
दोन शिळ्या बांगड्यांपेक्षा एक ताजा बरा.

मग एक आला. जाड पेन्सिलीएवढा.
लिस्बनला निघालेल्या एका पोराकडून,
नऊ हजार एस्कुडो, वर दोन किलो ट्यूना.
माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधली डबीही त्याच्याकडचीच.
तिला दोन बटणं. त्यातलं उजवं फिरवलं
की तेलात मासा सोडल्यासारखं चरचरतं.
ते फिरवायचं नाही, असं ठरलं.
स्टँड घेतलाच नाही,
रंगाच्या डब्यात वाळू, वाळूत झाडूचा दांडा,
वर माझ्या केसांचे दोन रबर.
हेडफोन मात्र नवे. तिथे चिकटपणा नको म्हणाला,
कान फसले की सगळंच फसलं.

मिंदेलूत वारा भाडं न देता राहतो.
आर्लिंदूने खिडकीच्या फटीत माझे उधारीचे कागद कोंबले,
दाराला घोंगडी टांगली, कपाट सताड उघडं ठेवलं,
त्यात त्याचा लग्नातला कोट, माझे चर्चचे झगे.
कापड आवाज पितं म्हणे.
पिऊ दे, म्हटलं, घरात आणखी एक पिणारा.

मग फ्रिज.
माइकला फ्रिज ऐकू येतो म्हणाला.
बावीस वर्षं घरघरतोय तो, मला कधी आला नाही.
शनिवारी रात्री त्याने प्लग काढला आणि पहाटेपर्यंत वाजवलं.
लावायचा राहिला.
सोमवारी साडेचार किलो सुरमई.
गल्लीतल्या मांजरांनी संगीताला मनापासून दाद दिली.
तोही आकडा मी वहीत चढवायला लावला,
माइकच्या खालीच, दोन रेघा मारून.

काल त्याने माझ्या डोक्यावर हेडफोन ठेवले.
ऐक.

वारा नव्हता. फ्रिज नव्हता.
तारेला नख लागण्याआधीचा त्याचा श्वास होता,
इतका जवळ की मी मान वळवून पाहिलं.
खुर्चीची कुरकुर. बोटं सरकतानाची बारीक किंकाळी.
मग ती चाल. माझ्या भावाचं जहाज सुटलं त्या दिवशी
धक्क्यावर वाजवली होती तीच.
आणि तिसऱ्या वळणावर, करंगळीला लांब जावं लागतं तिथे,
तार झणझणली.
पुन्हा वाजवलेली ऐकली. तिथेच.
सहा वेळा त्याने वाजवली होती. सहाही वेळा तिथेच.

एवढी वर्षं समोर बसून ऐकत आलेय मी.
समोर म्हणजे, खवले काढत, शेजारणीशी बोलत,
मधेच उठून भात बघत.
आणि हा पेन्सिलीएवढा,
ओळख ना पाळख,
एका रात्रीत सांगून मोकळा.

त्याने काही विचारलं नाही.
वहीतलं कोरं पान काढलं.
माइक जरा स्वस्तातला निघाला, म्हणाला,
तिथे बघ ना, झणझणतो.
थोडे साठवले तर पावसानंतर बरा घेता येईल.

करंगळी टेबलावर होती, पेनापाशी,
बाकीच्या बोटांपासून जरा वेगळी, वाकून.

हो, म्हणाले मी. स्वस्तातलाच आहे.

मग फ्रिजमधलं सगळं बर्फाच्या पेटीत रचलं,
बांगडे खाली, उरलेला रस्सा वर.
प्लग काढला.
वाजव, म्हटलं. आज काही साफ करायचं नाहीये मला.