एकास पन्नास

प्रल्हाद तांबट रविवारी येतो
तेव्हा चपला दाराबाहेर आणि व्हर्नियर खिशात.
चहा नंतर. आधी कपाट उघडायचं.
क्रेन एकच, पाचशे टनी,
खोकी दोन.

माझी जर्मनीची, मुलाने विमानात मांडीवर ठेवून आणलेली.
त्याची चीनची, निम्म्या किमतीत, एक आरसा तुटका.
पत्रिका जुळवायला बसावं तसे आम्ही बसतो.
आस किती, चाकांवर नक्षी कशी,
कप्पी खरंच फिरते का,
हुकाला दोरा आहे की नुसतं प्लास्टिक.
माझ्या शिडीला सात पायऱ्या, त्याच्या शिडीला आठ.
‘आठच,’ तो म्हणतो, ‘मी चढलोय.’
मी कधी चढलो नाही. गप्प बसतो.

त्याच्या आजोबांनी तांबट आळीत बंब घडवले,
तो आडगावच्या यार्डात क्रेनचे दोर बदलायचा,
आता भिंग लावून
पितळी तारेचं रेलिंग झाळतो, मोहरीएवढ्या डाकाने.

मी अंबडला, डिस्पॅचमध्ये, एकतीस वर्षं.
परवान्यावर लांबी रुंदी उंची वजन लिहायचं
आणि रात्री अकरानंतर फाटक उघडायचं.
चौदा आस, एकशेबारा चाकं,
पाथर्डी फाट्यावरून माणसाच्या चालीने
ट्रान्सफॉर्मर निघायचा
एखादं घर गाव सोडून निघाल्यासारखा.

दोनशे टन एकास पन्नासात किती?
पन्नासाचा घन प्रल्हादने वर्तमानपत्राच्या कडेला मांडला.
एक किलो सहाशे ग्रॅम.
माझा भरला तीनशे दहा, आतून पोकळ.
मग मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या आणून पोटात भरल्या.
आता फळी मधोमध थोडी वाकते.
आम्हाला बरं वाटतं.

एवढं सगळं झाल्यावर दिसलं,
वर कोणी नाही.

काशिनाथ बेंडकोळी, हरसूलकडचा,
ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर उकिडवा बसायचा.
हातात बांबू, बांबूच्या टोकाला बेचकं.
विजेच्या तारांना शटडाउन असे, निदान कागदावर.
पण वस्ती आली की बाकीच्या आडव्या,
टीव्हीची केबल, मंडळाची माळ, कुणाची कपड्यांची दोरी.
तो एकेक उचलायचा,
डोक्यावरून मागे न्यायचा,
आणि झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढावा
तसा बांबू काढून घ्यायचा.

खोक्यात ड्रायव्हर आहेत, दोन, हेल्मेटसकट.
बेंडकोळी नाही.
तिकडे वायरी जमिनीखाली असतील.

‘करतो,’ प्रल्हाद म्हणाला, ‘उंची सांग.’

उंची.
ट्रान्सफॉर्मरची चार मीटर दहा, अजून पाठ आहे.
ट्रेलरवर चढल्यावर पाच पस्तीस.
कुठल्या पुलाखाली किती बोटं उरतात तेही.
बेंडकोळीची कुणी घेतली नव्हती.
स्टॉक रजिस्टरात बांबू होता, नऊ फूट, नग दोन.
हजेरीच्या वहीत अंगठा होता.

नऊ फूट म्हणजे साडेपाच सेंटिमीटर.
खराट्याचा हीर कापला, टोकाला तार वळवली,
बांबू अर्ध्या तासात झाला.
माणूस तीन रविवार चाललाय.
उभा केला की ठेंगणा,
बसवला की कुणाचातरी पोरगा.
प्रल्हाद वितळवतो, पुन्हा ओततो.
‘तू पाहिलायस ना त्याला?’
पाहिलाय. खालून, टॉर्चच्या उजेडात.
तळवे आठवतात.

काल कुमुद फळी पुसत होती.
दिवाळीपासून राहिलेल्या माळेची वायर
खाली लोंबत आलेली.
तिने ती एका बोटाने वर धरली,
ट्रेलर खालून वीतभर पुढे सरकवला,
फडकं फिरवलं,
मग बोट काढून घेतलं.
हळूच.