रकाना

मच्छीमार सोसायटीच्या वहीत एकोणीस रकाने.
मरळ, शिंगूर, बोटरी, मग दाढक.
वही माझ्याकडे आली, कारण माझा खांदा निखळलेला,
जाळं फेकवत नाही.

तलावाला तेव्हा बेशरमचा वेढा,
आणि दाढकच्या खाली माझं शून्य.
सात वर्षं, एकाखाली एक.
जणू मीही जाळं विणत होतो,
नुसत्या भोकांचं.

आठव्या वर्षी पट्टी ठेवून रकाना खोडणार,
तर कौतिका मारबते दारात, लुगड्याचा काठ पिळत:
"शून्य लिव. नाव नोको खोडू.
खोली झाडून ठेवली त पाहुना येते."

त्या उन्हाळ्यात बायकांनी बेशरम मुळासकट उपटली.
बोटभर तुकड्यातूनही उगवते ती,
म्हणून पाळीवर वाळवून जाळली.
मग मुरमाडीच्या तलावातून उसनं आणलं:
चिला, गाद, कुमुदाचे कंद,
ओल्या पोत्यात, सायकलच्या कॅरिअरवर,
वाटेत दर नाल्यावर थांबून पाणी शिंपडत.
धान रोवणाऱ्या हातांनी तेही रोवलं.
पाळीवरून कोणी म्हणालं,
"गवत लावते का कोनी पान्यात?"
मी लिहिलं: शून्य.

पुढच्या साली नक्षत्रं कोरडी गेली.
बांध्यांनी पाणी मागितलं, तलावानं दिलं.
शिमग्याआधीच तळ दिसायला लागला.
रात्री सभा. देवाजी शेंडेनं चप्पल उगारली.
पहाटे ठरलं, मधला डबरा राहू द्यायचा,
माणूसभर खोल,
त्यातून मासा नाही, घागरही नाही.
पाळीपाळीनं राखण.
एकदा राखणदारच सापडला,
दुपट्ट्यात तीन मरळ.
दंड एकावन्न रुपये, आणि आणखी आठ रात्री राखण.
वहीत: मरळ तीन, परत सोडले. दाढक, शून्य.

यंदा भादव्यात मुरमाडीची पाळ फुटली,
त्यांचं सगळं गाळाखाली.
इथून पोती निघाली, त्याच नाल्यांवर थांबत.
उसनं फिटलं की नाही, कोणी मोजलं नाही.

आज सकाळी टोपलीत, झिंग्यांच्या खाली,
बोटभर काही हललं.
मी ओळखलं नाही.
मी त्याचं नाव पाहिलेलं, मासा नाही.
कौतिकाला आता दिसत नाही नीट.
तिनं पाठीवरून अंगठा फिरवला, उलटा, पुन्हा सुलटा.
"लिव."

एक, लिहिलं.
आणि वजन?
विचारीपर्यंत ती मासा ओंजळीत घेऊन
गुडघाभर पाण्यात.