चार हातांवर

बीम उतरवताना तो पायावर आला
आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
सोमवारी सकाळी अकरा वाजता मी घरात होतो.
घर मला ओळखेना.
पाहुण्यासारखा खाटेवर, पाय उशीवर,
वर पत्रा तापून टणटण वाजतोय
आणि हे रोज होत असतं, हे मला नवीन.

शेडमध्ये आम्ही बोलत नाही, ओठ हलवतो.
चोवीस माग खडखडत असताना
पलीकडून श्रीहरी मादगुंडी म्हणतो, "चहा",
मी ते डोळ्यांनी ऐकतो.
शिव्यासुद्धा तशाच.

राजमणी दाराशी बसते, सूप मांडीवर.
पान, चिमूटभर तंबाखू, वळी, दोरा.
आणि ओठ सारखे हलत.
मोजत असेल, असं मला लग्नापासून वाटत आलं.
हजार विड्या करायच्या म्हणजे मोजणं आलंच.

नवव्या दिवशी
छताचे खिळेसुद्धा मोजून झाल्यावर
मी तिचे ओठ वाचायला घेतले.

आकडे नव्हतेच.

तेलुगूत सांगत होती,
ब्रँचवर आज परत दीडशे छाटल्या,
पान कच्चं म्हणे, आणि पान दिलेलं त्यांनीच;
भाग्याची पोर परीक्षेला बसली नाही;
माझ्या डाव्या अंगठ्याला आता थंडीत काही कळत नाही,
ऐकताय ना?

मी चार हातांवर होतो.
ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.
मलाच सांगत होती,
घरी नसलेल्या मला.

"पान त्यांनीच दिलं, तर छाटतात कसे?"
मी म्हणालो.
कात्री थांबली.
कोपऱ्यातली पेटी बोलावी तसं तिनं बघितलं.
"ऐकू आलं तुम्हाला?"
"ऐकू कुठलं येतंय," मी म्हणालो, "दिसलं."

दोन दिवस ती पाठ करून बसली.
चहा ठेवायची तोही आदळून.
तिसऱ्या दिवशी सूप उचललं
आणि खाटेसमोर येऊन बसली, बोलली मात्र काही नाही.

पाचव्या दिवशी नळ येतो, रात्री अडीचला.
ती एकटी उठते, एकतीस भांडी भरते,
आणि मी इतकी वर्षं म्हणत आलो,
आपल्याकडे पाण्याचा त्रास नाही.
परवा मी बसल्या बसल्या पाइप धरला.
निम्मं पाणी प्लास्टरवर गेलं.
ती हसली, तोंडावर पदर धरून,
शेजारी उठू नयेत म्हणून.

शनिवारी प्लास्टर कापणार.
शेटचा माणूस दोनदा येऊन गेला.

राजमणी आज सकाळपासून बोलतेय
आवाज न करता, भराभर,
लाइट जायच्या आत ठाण उतरवायचं असल्यासारखी.
मध्येच एखादा शब्द निसटतो माझ्या हातून.
मी विचारत नाही.
तिचा दोरा तुटेल.

सूप अजून अर्धंच भरलंय.