शेरा

नागभीडच्या अंगाला, धानाच्या बांध्यांमधून
छोटी गाडी जायची तेव्हाची ही वही.
फाटक नंबर चौतीस. गेटमन डोमाजी नन्नावरे.
मी त्याच्या नंतरचा, आणि शेवटचा.

रेल्वेचं रजिस्टर साहेब घेऊन गेले.
ही त्याची खासगी,
रकाने मात्र तेच, पट्टीनं आखलेले:
गाडी. वेळ. अप की डाऊन. डबे. शेरा.

गाडी म्हणजे देशाची फुटबॉलची टीम.
त्यानं ती कधी पाहिली नाही.
कामठीला हमालीवर असताना
पलटणीचे शिपाई खेळताना एकदा दिसले, तेवढंच.
"बाप्पा, चेंडू असा जाये,
जसं कोनी नाव घेऊन बलावलं त्याले."

निकाल गार्ड टाकायचा,
चालत्या डब्यातून शिळ्या पेपरची सुरळी,
कधी रुळाकाठी, कधी थेट बांधीत.
चिखल पुसून डोमाजी वाचायचा, बोट ठेवून.

लंडन, अठ्ठेचाळीस. डाऊन. आपला डबा एक, त्यांचे दोन.
शेरा: दोन पेनल्ट्या वाया.
पायात काही नव्हतं. माह्याही नाही.

दिल्ली, एकावन्न. अप. सोनं.
शेरा: घरी गुळाचे बोंडं.

हेलसिंकी, बावन्न. आपला एक.
त्यांच्या दहावर शाई सांडली आहे,
की सांडवली, कळत नाही.
शेरा: थंडी लय होती म्हणतात.

मेलबर्न, छप्पन. अप, मग डाऊन, पुन्हा डाऊन.
चौथा नंबर.
शेरा: सिग्नल भेटला होता. ठेसनात घेतलं नाही.

जकार्ता, बासष्ट. अप, सोनं,
वनरक्षकाच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलेलं.
शेरा: सारे लोक इरुद्ध बोंबलत होते. तरी.

बँकॉक, सत्तर. तिसरा नंबर.
इथे 'अप' लिहून खोडलंय, पुन्हा लिहिलंय.
पुढे अक्षर बारीक होत जातं.
डाऊन. डाऊन. लेट.
एका पानावर नुसती तारीख
आणि वाळलेला डास.

एक ओळ मी मघाशी मुद्दाम सोडली.
अठ्ठेचाळीस आणि एकावन्नच्या मध्ये:
ब्राझील, पन्नास. वर्ल्ड कप.
गाडी रद्द.
शेरा: कोरा.

कोणी म्हणतं, बूट नव्हते म्हणून.
कोणी म्हणतं, बोटीचं भाडं.
कोणी म्हणतं, वरच्यांना ऑलिम्पिकच मोठं वाटलं,
हे काय ते कळलंच नाही.
मी सगळं वाचलंय. डोमाजीनं काहीच वाचलं नसावं.

वारलू शेंडे सांगतो, तो तेव्हा आठ वर्षांचा,
बापाच्या खाचरात परह्यांच्या पेंढ्यांवर बसलेला.
पन्नासचा जुलै, भर दुपार, गाडीची वेळ नाही,
आणि डोमाजीनं फाटक टाकलं.
इकडे सात खाचरं, तिकडे पाच.
"अवो डोमाजी, कोनती गाडी?"
"लांबची हाय."
बैल खाली बसले. परहे मलूल झाले.
अर्धा तास हिरवी झेंडी बगलेत धरून
तो रुळांकडे पाहत उभा, टोपी सरळ करून.
मग काही न बोलता फाटक उघडलं.
चार आणे दंड झाला.
पावती वहीत त्याच पानाला टाचलेली आहे,
टाचणीचा गंज ब्राझीलच्या अक्षरांत उतरलाय.

आता छोटी लाईन उखडली. मोठी आली.
रस्ता खालून जातो, बोगद्यातून,
कोणासाठी कोणाला थांबावं लागत नाही.
निकाल मोबाईलवर येतात, मी वहीत उतरवतो.
दोहा, एकोणीस: शून्य-शून्य, कतारच्या घरात.
बरोबरीला रकानाच नाही.
बराच वेळ विचार करून लिहिलं: उभी.

वारलूला वही दाखवली.
त्यानं चष्मा पुसला, कोऱ्या जागेवर नख ठेवलं.
"आमी थांबलो होतो ना बे. बारा खाचरं.
तेवढं तं लिही."

लिहीन. पेनची रिफील संपलीय,
तळोधीच्या बाजारातून आणतो.