रिकामा माग

एप्रिल. रात्रीचे पावणेबारा.
केगावच्या माळावर भिंती अजून दुपार सोडतायत,
आणि संगणक केंद्राच्या पहिल्या मजल्यावर
एकशे चौदा पडदे
कुणीही समोर नसताना
जागे.

अकरा वर्षं मी हेच समजत आले
की हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक.

नरसय्या बोद्धूल रात्रपाळीला नवा.
बत्तीस वर्षं अशोक चौकातल्या कारखान्यात चादरी विणल्या,
मागांच्या खडखडाटानं कान अर्धे नेले,
उरलेला माणूस आमच्याकडं आला.
पंख्यांची घरघर त्याला ऐकू येत नाही.
तो प्रत्येक यंत्राच्या पाठीला हात लावतो.
ऊब लागली, म्हणजे चालू.

"मॅडम, धागा नाही, कांडी नाही,
माग कशाला चालूलालाय?
आमचा मालक असता तर हजेरी कापला असता."

मी हसले.
मग मीटर बघायला गेले, आणि चारदा बघितलं.

होटगीच्या बाजूला कुठंतरी कोळसा जळतो,
त्या आगीला उजनीचं पाणी लागतं.
माझ्या नळाला तेच पाणी पाचव्या दिवशी येतं,
मी घागरी भरते, पातेली भरते, मुलाची बाटलीसुद्धा,
एक थेंब सांडला तर सासूबाई बघतात.
आणि इथं रात्रभर
कुणाच्याही न लिहिलेल्या निबंधापुढं
ठिपका लुकलुकत असतो.

मग फायली फिरल्या. वीस मिनिटांनी यंत्रं झोपतील.
सर्व्हरच्या खोलीत अठरा नाही, सव्वीस.
उपकुलसचिव म्हणाले, काही जळालं तर सही तुमची.
केली सही.
दोन रात्री मीच जाऊन सर्व्हरच्या पाठीला हात लावून आले,
ताप आलेल्या पोरासारखा.

पण तीन नंबरच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यात,
एका यंत्रावर चिठ्ठी होती:
कृपया बंद करू नये. वि. म्हमाणे.
चिठ्ठीचा चिकटपट्टा उन्हानं सुटला, चिठ्ठी टेबलाखाली.
नरसय्यानं पाठ चाचपली. ऊब. समोर माणूस नाही.
बटण दाबलं.

एकोणीस रात्री गेल्या.

विजयालक्ष्मी ओरडली नाही. खुर्चीत बसून राहिली.
नान्नजच्या माळावर चौदा महिने तिनं यंत्रं ठेवली होती,
गवतात, खुंटाला बांधून,
माळढोक बोलतो का ते ऐकायला.
ते सगळे तास हे कोपऱ्यातलं डबडं ऐकत होतं.

"सापडला?"
"टिटवी सापडली. पवनचक्की सापडली.
हळदीला निघालेल्या ट्रॅक्टरवरचा स्पीकर सापडला."

मी मनात युनिटं मोजत होते, आणि मोजायची लाज वाटत होती.

नरसय्या दोन दिवस तिच्या वाटेनं गेला नाही.
तिसऱ्या दिवशी दारातच उभा राहून विचारलं,
"ते पाखरू बोलतो कधी?"
"पहाटे. संध्याकाळी थोडं. तेही विणीच्या दिवसांत."
"मग दुपार कशाला ऐकूलालाव?"

ती त्याच्याकडं बघत राहिली.
नंतर तिघांनी बसून दुपारी वजा केल्या,
वाऱ्याच्या रात्री वजा केल्या, अख्खा मार्च वजा केला.
उरलेलं काम अकरा ते तीन,
छतावरच्या सौरपट्ट्या तापलेल्या असताना.
चार दिवसांत संपलं. पाचव्या दिवशी यंत्र गार.

एकच जागा निघाली.
ऑगस्ट, पहाट, चार सेकंद. एक खोल हुंकार.
माळढोक असेल. लांबचा बैलही असेल.
तिचे सर म्हणाले, एवढ्यावर काही लिहू नका.

तिनं नरसय्याला ऐकवलं.
त्यानं कान पुढं केला, मान हलवली, नाही.
मग तळहात स्पीकरवर टेकवला
आणि म्हणाला, परत लाव.

तिनं परत लावलं.

"ऊब नाही," तो म्हणाला.
हात मात्र काढला नाही.