शून्य तास, बारा मिनिटं

भवानी पेठेत बाबांचं दुकान आहे,
वजनकाटे दुरुस्तीचं.
गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल?
बाबा काटा एकदा दाबून बघतात, सांगतात,
परवा, पाचनंतर.
आणि परवा पाचनंतर तो मिळतो.

म्हणून मलाही त्यांनी सरळच विचारलं,
पायलटच्या लायसन्सला किती दिवस लागतात?
दिवस नाही बाबा, तास. दोनशे.
त्यांनी खडू घेतला.
रोजचे आठ तास धरले तर पंचवीस दिवस.
"म्हणजे दिवाळीच्या आत."

त्यानंतर तीन दिवाळ्या झाल्या.

लॉगबुकात कुठेच न लिहिलेले तास पुष्कळ आहेत.
स्वारगेटला पहाटेची बारामती गाडी,
ती येईपर्यंतचा वेळ, आणि ती आलीच नाही तो वेळ.
धुकं उठेपर्यंत हँगरच्या पायरीवर
थंड होत गेलेला चहा.
सेसनाचा एक पार्ट चेन्नईहून यायचा होता,
सात आठवडे ती पोट उघडं टाकून पडली होती
आणि आम्ही पाच जण तिच्याभोवती
आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे.
बँकेतले साहेब दोनदा म्हणाले, मुलीसाठी? विमान?
मग दुकानाचे कागद मागितले.
नेव्हिगेशनला सत्तर लागतात,
मला अडुसष्ट पडले.
त्या संध्याकाळी शिवाजीनगरहून घरापर्यंत चालत आले,
सिमला ऑफिसवरून,
मुद्दाम वर न बघता.

वरच्या मजल्यावरचे गुळवणी काका जिन्यात विचारतात,
झालं का विमान?
त्यांचा पुतण्या अमेरिकेत अठरा महिन्यांत झाला.
असेल.

एका रविवारी बाबांनी माझं पुस्तक उघडलं.
कोण कुठे बसलं, पेट्रोल किती, सामान किती,
सगळ्याचा तोल कुठे येतो, असं एक कोष्टक.
मी त्यावर दोन आठवडे घातले होते.
बाबांनी बोटाच्या कडेवर पट्टी ठेवली,
एका टोकाला खोडरबर, एकाला शार्पनर,
शार्पनर काढला.
"माणूस उतरला की काटा सरकणारच," म्हणाले,
"हे तर आमचंच आहे."

मग फेब्रुवारीतली ती सकाळ.
तिसऱ्या लँडिंगनंतर कॅप्टन भरूचांनी पट्टा सोडला,
खाली उतरले,
रिकाम्या सीटवर तो पट्टा पुन्हा नीट आवळून लावला,
जणू कुणी बसलंय.
"एक सर्किट. परत ये."
दार लागलं.

ब्याण्णव किलो कमी झाले होते.
विमान धावपट्टीवरून अर्ध्या वाटेतच उठलं,
मी सांगायच्या आधी.
मला बाबांची पट्टी आठवली आणि हसू आलं.
मग घाबरले, ते त्याच्यानंतर.
खाली उसाचे चौकोन, कॅनॉल,
कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली लाल मिरची.
चेकलिस्ट मी मोठ्याने वाचली,
शेजारच्या सीटला ऐकू जाईल अशी.

उतरले तेव्हा चाकं दोनदा टेकली.
भरूचा म्हणाले, दोन लँडिंग, पैसे एकाचेच.

संध्याकाळी फोन केला.
"आज किती झाले?"
बारा मिनिटं.
पलीकडे मापं डब्यात ठेवल्याचा आवाज,
पाचशे, दोनशे, शंभर, मग पन्नास.
"एवढीच?"
एकटीने, बाबा.
आवाज थांबला.
"मग ती वेगळी लिही. त्यांच्यात मिसळू नकोस."
वेगळा रकानाच असतो त्याला.
"असायलाच पाहिजे," म्हणाले.

आता एकशे एकसष्ट तास चाळीस मिनिटं.
दुकानातल्या फळ्यावर
'पासिंगचे काटे शनिवारी' याच्या खाली
बाबा दर रविवारी जुना आकडा पुसून नवा लिहितात:
बाकी ३८:२०.
येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, कुणाची तरी उधारी आहे.
कुणी विचारतंही, एवढी कुणी थकवली?
बाबा त्यांची चूक दुरुस्त करत नाहीत.
परवा, पाचनंतर, असंही म्हणत नाहीत.